गुग्गुळाची भूमी पडीक नव्हे
माननीय वनमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ.

विषय : चंबळ खोऱ्यातील वन्य गुग्गुळाचे रक्षण आणि बीहडाच्या जमिनीची दफ्तरातील नोंद.

महोदय,



दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. त्या शहरात दक्षिणेतून आलेल्या सरदारांची, कारकुनांची, शास्त्रीपंडितांची आणि वैद्यांची जी घराणी स्थिरावली, त्यांच्या वंशजांपैकी मी एक असून, एका सरदार घराण्याचे नाव आजही चालविणाऱ्या पाटणकर बाजारात माझे वास्तव्य आहे. वनखात्याशी, औषधांच्या व्यापाराशी अथवा कोणत्याही राजकीय पक्षाशी माझा संबंध नाही. आपल्या खात्याच्या अखत्यारीतील एका वनस्पतीविषयी, तिच्या भूमीविषयी आणि त्या भूमीवर उदरनिर्वाह करणाऱ्या माणसांविषयी काही निवेदन करावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

हे निवेदन हिंदीत आपल्या कार्यालयाकडे रीतसर धाडले आहेच. तरीही ते मराठीत प्रकट करण्याचे कारण असे की, ज्या वस्तूविषयी मी लिहीत आहे तिचा उपभोग घेण्यात महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबे कोणाच्या मागे नाहीत. देवघरातील धुपाटण्यात, बाळंतिणीच्या खोलीतील धुरीत आणि गुडघे धरलेल्या वडीलधाऱ्यांच्या उशापाशी ठेवलेल्या योगराज गुग्गुळाच्या डबीत जो पदार्थ नित्य आढळतो, तो कोठून येतो, कोणत्या झाडाच्या अंगावर घाव घालून येतो आणि त्या झाडाची आज काय अवस्था आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक असणे न्यायाचे आहे. शासनाकडे मागणे मागताना समाजाने आपल्या वाट्याचे कर्तव्य नजरेआड करू नये, म्हणून हे पत्र आपणास उद्देशून असले तरी त्याचे वाचक आम्ही सर्वच आहोत.

गुग्गुळ हे फार तर दोन पुरुष उंचीचे, वाकड्यातिकड्या, गाठाळ फांद्यांचे झुडूप आहे. त्याच्या फांद्यांची टोके काट्यांत संपतात. करड्या खोडावरून कागदासारखे पातळ पापुद्रे सुटत राहतात. वर्षाचा मोठा भाग ते निष्पर्ण उभे असते, आणि त्या अवस्थेत त्याला पाहणाऱ्या परक्या माणसास ते वाळून गेलेले सरपणच वाटावे. उन्हाळ्याची चाहूल लागताच त्याच उघड्या फांद्यांवर बारीक, तांबूस फुले उमलतात, पुढे लालसर फळे धरतात, आणि पावसाळ्याच्या आगमनाने पालवी फुटते ती थोड्याच काळात गळून जाते. तृष्णा आणि उष्णता यांच्याशी सख्य जोडलेली ही वनस्पती राजस्थानच्या खडकाळ टेकड्यांवर, कच्छ-सौराष्ट्राच्या उजाड माळांवर, सिंध-बलुचिस्तानात आणि आपल्या राज्यात मुरैना, भिंड, श्योपूर व ग्वाल्हेर या जिल्ह्यांच्या शुष्क भूमीत, विशेषतः चंबळ आणि तिच्या उपनद्यांनी कोरलेल्या बीहडात, म्हणजे खोल दऱ्या-ओघळींच्या भूमीत, आढळते. शास्त्रज्ञ तिला कॉमिफोरा वाइटी म्हणतात. श्योपूरच्या अरण्यातील सालई, जिचा डिंक सहरिया आदिवासी पिढ्यानुपिढ्या गोळा करीत आले, ती याच कुळातील.

या झुडपाच्या सालीतून पाझरणाऱ्या सोनेरी-तपकिरी निर्यासाची कीर्ती आपल्या वाङ्मयाइतकीच प्राचीन आहे. अथर्ववेदाच्या १९ व्या कांडात गुग्गुळाच्या सुगंधाने रोग दूर पळतात असे वर्णन आहे. सुश्रुतसंहितेत त्याच्या गुणांची चर्चा आहे. भावप्रकाशाने त्याचे महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य असे पाच भेद सांगून नवा गुग्गुळ पुष्टिकारक व जुना लेखन करणारा, म्हणजे अंगातील मेद झिजविणारा, असा सूक्ष्म विवेक केला आहे. त्रिफळ्याच्या काढ्यात त्याची शुद्धी करून वैद्यांनी योगराज, कैशोर, कांचनार, गोक्षुरादी असे कितीएक कल्प सिद्ध केले, आणि ते सर्व कल्प आजही कारखान्यांतून टनावारी निघत आहेत. ज्या काळी वैद्य आपल्यापुरता गुग्गुळ आपल्या परिसरातून आणवीत असे, त्या काळी झाडाचा आणि औषधाचा हिशेब एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर असे. आता औषध घेणारा एका प्रांतात, ते बनविणारा दुसऱ्यात आणि झाडावर सुरी चालविणारा तिसऱ्यात असल्यामुळे तो हिशेब कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

आधुनिक विज्ञानाने या निर्यासाकडे लक्ष दिले तेही आपल्याच देशात. काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतातील मेदोरोगाच्या विवेचनावरून प्रेरणा घेऊन रक्तातील चरबीवर गुग्गुळाचा काय परिणाम होतो याचा प्रायोगिक अभ्यास केला आणि १९६६ साली तो प्रबंधरूपाने सादर केला. त्या मार्गाने पुढे जाऊन लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात गुगुलिपिड नावाचे औषध सिद्ध केले. त्याचा बोलबाला परदेशी पोहोचला आणि मागणी वाढली. २००३ साली अमेरिकेत १०३ रुग्णांवर केलेल्या परीक्षणात अपेक्षित गुण दिसून आला नाही, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. औषधाच्या गुणागुणांचा निर्णय तज्ज्ञ करतील आणि त्यांनी तो करावा. परंतु बाजारातील मागणी त्या निर्णयासाठी थांबली नाही, आणि तिची किंमत बीहडातील झुडपांनी दिली. २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या वनस्पतीची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली, म्हणजे वन्य अवस्थेतून समूळ नाहीसे होण्याच्या अलीकडची शेवटची पायरी तिने गाठली असा दाखला दिला.

असे का घडले, याची कारणे झाडाच्या स्वभावात आणि माणसाच्या व्यवहारात अशी दोन्हीकडे आहेत, आणि दोन्ही समजून घेतल्यावाचून कोणताही हुकूम फलदायी होणार नाही.

गुग्गुळाची वाढ अत्यंत मंद आहे. रोप लावल्यापासून निर्यास घेण्याजोगी जाडी खोडास येण्यास आठ ते दहा वर्षे लागतात, आणि त्यानंतरही एका झुडपापासून एका हंगामात साधारणपणे पाव ते अर्धा किलो एवढाच माल मिळतो. त्याची पुनरुत्पत्ती तर विलक्षण आहे: नर झुडपे क्वचितच आढळतात, बहुतेक झुडपे मादीच असतात, आणि परागसंयोगावाचूनच त्यांच्यात बीज धरते, त्यामुळे संतती मातेची हुबेहूब प्रतिकृती होते आणि जातीच्या अंगी नव्या रोगास, नव्या दुष्काळास तोंड देण्याचे वैविध्य येत नाही. त्यातही धरलेल्या बियांपैकी फारच थोड्या उगवतात, आणि उगवलेली रोपे शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडून व पहिल्या पावसाच्या लोंढ्यातून वाचली तरच पुढचा विचार. अशा वनस्पतीचे एक जाणते झुडूप मेले तर त्याची जागा भरून निघण्यास एका माणसाचे अर्धे उमेदीचे आयुष्य खर्ची पडते.

व्यवहाराची बाजू अशी की, हिवाळ्यात खोडाच्या सालीवर माफक, उथळ चीर दिली, ती आतील काष्ठापर्यंत जाऊ दिली नाही, आणि एका हंगामानंतर झाडाला विश्रांती दिली, तर झुडूप वर्षानुवर्षे देत राहते. ही रीत जुन्या गोळा करणाऱ्यांना ठाऊक होती. परंतु ज्याला पुढील वर्षी त्याच झाडापाशी परत येण्याची शाश्वती नाही, जो आज आला नाही तर उद्या दुसरा कोणी येऊन सर्व खरवडून नेईल अशा धास्तीत आहे, आणि ज्याला व्यापाऱ्याकडून मिळणारा दर बाजारभावाच्या मानाने अल्प आहे, त्याने झाडाची पुढची दहा वर्षे जपावीत ही अपेक्षा व्यर्थ होय. म्हणून खोल घाव घातले जातात. त्या घावांत उत्तेजक रसायने भरली जातात. १९८० च्या दशकात संशोधकांनी इथेफॉन हे द्रव्य मोजक्या मात्रेत वापरून निर्यास कित्येक पटींनी वाढतो हे दाखविले होते. तीच गोष्ट मात्रेचा विवेक नसलेल्या हातांत गेली की झुडूप एकाच हंगामात आपले सर्वस्व ओतून टाकते आणि वाळून जाते. रसायन वापरणाऱ्या गरीब माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या हाती झाडाचा हक्क नाही आणि केवळ सुरी आहे, या व्यवस्थेत दोष आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहीत आहे तिच्याकडे वळतो. चंबळ, क्वारी, आसन आणि सिंध या नद्यांच्या काठी गाळाच्या खोल थरांवर पावसाच्या पाण्याने शतकानुशतके ओघळ कोरले. वरचे आच्छादन नाहीसे होत गेले तसतसे ते ओघळ कित्येक पुरुष खोल दऱ्यांत परिणत झाले, आणि लाखो हेक्टर भूमी बीहड म्हणून ओळखली जाऊ लागली. या भूमीची महसूल दफ्तरात जी नोंद आढळते ती बहुतांशी पडीत, बंजर अथवा निरुपयोगी अशा सदरांखाली. ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती निकामी, ही जमाबंदीच्या अंमलदाराची दृष्टी त्याच्या कामापुरती समजण्यासारखी असेल. परंतु तीच दृष्टी पुढे विकासाच्या प्रत्येक योजनेने वारसाहक्काने स्वीकारली. १९८० च्या दशकात या दऱ्यांवर विमानांतून विलायती बाभळीचे बी पेरण्यात आले आणि त्या परक्या बाभळीने देशी काटेरी वनस्पतींची जागा ठिकठिकाणी व्यापली. त्यानंतर यंत्रांच्या साहाय्याने उंचवटे फोडून आणि दऱ्या बुजवून सपाटीकरण चालू झाले. द्रुतगती मार्गांचे आराखडेही याच भूमीवर रेखाटले गेले, कारण कागदोपत्री तेथे काहीच नव्हते. त्या कागदावर एका ओळीत गुग्गुळाचे नाव असते, तर यंत्राला त्या टेकाडाशी थांबावे लागले असते.

याला आक्षेप असा घेतला जाईल की, मुरैना-भिंडच्या अल्पभूधारक शेतकऱ्याला पोटापुरती जमीन हवी आहे, बीहड दरवर्षी त्याच्या सुपीक शेताचा घास घेत पुढे सरकत आहे, आणि अशा वेळी एका काटेरी झुडपाची कड घेणे ही सुखवस्तू नागरिकाची हौस आहे. हा आक्षेप मी हलका लेखत नाही. बीहडाची आगेकूच थांबविणे हे आवश्यक कर्तव्य आहे, आणि दरीच्या माथ्यावरील शेतजमिनीस बांधबंदिस्ती करून देणे हे शासनाचे ऋण आहे. परंतु उभ्या दऱ्या यंत्राने सपाट केल्या तर मोकळी झालेली गाळमाती पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत पुन्हा चंबळेच्या वाटेला लागण्याचा धोका राहतो. कोटा आणि आग्रा येथील मृद्-जल संधारणाची संशोधन केंद्रे उथळ दऱ्यांना बांध आणि शेती, तर खोल दऱ्यांना स्थायी वनस्पतींचे आच्छादन, अशी विभागणी करावी या दिशेने दीर्घकाळ काम करीत आली आहेत. खोल दऱ्यांच्या उतारावर, पाण्यावाचून, खतावाचून, राखणीच्या अल्प श्रमात जगणारे आणि मुळांनी माती धरून ठेवणारे जे देशी झुडूप आहे तेच जर बाजारात मोल असलेला निर्यासही देत असेल, तर शेतकऱ्याचे हित आणि गुग्गुळाचे हित यांत विरोध कोठे राहिला? विरोध आहे तो दोन्हींच्या हितात आणि घाईने आखलेल्या सपाटीकरणात.

संरक्षण म्हणजे केवळ मनाईहुकूम, अशीही एक समजूत आहे, आणि तिची मर्यादा दाखविणारे उदाहरण दूरदेशातील आहे. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात, जेथे उन्हाळी वणव्यांनी घडविलेले झुडपांचे विस्तीर्ण माळ आहेत, तेथे मार्श रोज नावाचे एक अत्यंत देखणे फुलझुडूप डोंगरउतारांवर वाढते. फुलांच्या हव्यासाने ते इतके तोडले गेले की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची मोजकीच झाडे शिल्लक राहिली. मग त्याला कायद्याचे कवच मिळाले, तोड बंद झाली, आगीपासूनही त्याला जपण्यात आले. तरी उरलेली झाडे म्हातारी होऊन मरत राहिली आणि नवी उगवेनात. अखेर अभ्यासकांच्या ध्यानी आले की, त्या झुडपाचे बीज जमिनीत पडून राहते आणि आग येऊन गेल्यावरच अंकुरते. नियंत्रित आग लावल्यावर जळालेल्या जमिनीतून नवी रोपे वर आली. ज्या आगीला रक्षकांनी शत्रू मानले होते तीच त्या जातीच्या पुनर्जन्माचा विधी होती. गुग्गुळाचा स्वभाव याहून सर्वस्वी वेगळा आहे; त्याच्या पुनरुत्पत्तीची भिस्त आगीवर नाही, उलट उन्हाळ्यात वाळल्या गवताला लावलेली आग त्याच्या कोवळ्या रोपांचा घात करते. परंतु धडा एकच आहे: ज्याचे रक्षण करावयाचे त्याचा जन्म कशाने होतो आणि मृत्यू कशाने येतो हे जाणल्यावाचून केलेली राखण विफल ठरते. केप प्रांतातील झुडपाला अग्नी हवा होता. गुग्गुळाला हवी आहे ती अविचल जमीन, छाटकलमांची रोपवाटिका आणि आपल्या झाडावर दीर्घकाळ हक्क असलेला माणूस.

हे आपल्या हातून होण्याजोगे आहे याचा पुरावा शोधण्यास आफ्रिकेत जाण्याचेही कारण नाही. तो चंबळेच्या पात्रात आहे. १९७० च्या दशकात घडियाल ही मगरीची जात आपल्या देशातून नष्ट होण्याच्या बेतात होती. १९७५ साली भारत सरकारने मगर-संवर्धनाची योजना हाती घेतली, त्यानंतर चंबळ अभयारण्याची स्थापना झाली, आणि मुरैन्याजवळ देवरी येथील केंद्रात नदीकाठची अंडी आणून, पिले उबवून, त्यांना सशक्त होईपर्यंत वाढवून पुन्हा पात्रात सोडण्याचे काम आपल्याच खात्याच्या कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे निष्ठेने केले. आज जगातील वन्य घडियालांचा सर्वांत मोठा भाग याच नदीत आहे. नदीच्या पाण्याविषयी जी दृष्टी आपल्या खात्याने दाखविली, तीच त्या पाण्याच्या दोन्ही तीरांवर उभ्या असलेल्या भूमीविषयी दाखवावी, एवढेच मागणे आहे. जलातील प्राण्याला अभय देणाऱ्या शासनाने स्थलावरील वनस्पतीला ते नाकारण्याचे कारण नाही.

आता माझ्या विनंत्या स्पष्ट शब्दांत मांडतो.

पहिली आणि मूलभूत विनंती नोंदीविषयी आहे. मुरैना, भिंड, श्योपूर आणि ग्वाल्हेर या जिल्ह्यांत वन व महसूल या दोन्ही खात्यांनी संयुक्त पाहणी करून जेथे जेथे वन्य गुग्गुळ आज उभा आहे ती ठिकाणे नकाशावर आणि खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या महसुली नोंदवहीत, नमूद करावीत, त्या जमिनींना पडीत हे सदर लावू नये, आणि अशा नोंदलेल्या जमिनीवर सपाटीकरण, खाणकाम वा बांधकाम यांस परवानगी देण्यापूर्वी वनखात्याची लेखी संमती अनिवार्य करावी. जैवविविधता अधिनियम २००२ आणि त्याखालील नियमांनी ग्रामपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद केलेलीच आहे. गुग्गुळाच्या गावांतील नोंदवहीत त्याचे एकेक स्थळ लिहिले जावे आणि त्या लेखाला तहसील कचेरीत मान्यता असावी. त्याच अधिनियमाच्या ३८ व्या कलमान्वये नष्ट होण्याच्या मार्गावरील जातींच्या संकलनाचे नियमन करता येते. राज्य शासनाने केंद्राशी विचारविनिमय करून त्या कलमाचा आधार गुग्गुळाला प्रत्यक्ष जमिनीवर मिळवून द्यावा.

दुसरी विनंती रोपवाटिकेची आहे. गुग्गुळाची छाटकलमे रुजतात, त्यामुळे रोपे तयार करणे दुःसाध्य नाही. परंतु मोजक्या झाडांची छाटकलमे लाखोंनी लावली तर ती एकाच झाडाची लक्षावधी रूपे ठरतील. म्हणून निरनिराळ्या बीहडांतील झुडपांची, आणि विशेषतः दुर्मीळ नर झुडपांची, निवड करून त्यांचे संग्रहोद्यान करावे व बियांपासूनही रोपे वाढवावीत. अजमेरजवळ मांगलियावास येथे आयुर्वेद संशोधनाच्या केंद्रीय परिषदेचे गुग्गुळाचे क्षेत्र आहे. आणंदजवळ बोरियावी येथील औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालयाने त्याच्या लागवडीचा आणि निर्यास घेण्याच्या रीतीचा अभ्यास केला आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेचे (सीमॅप) कार्यही ज्ञात आहे. ग्वाल्हेरात जिवाजी विद्यापीठ आणि राजमाता विजयाराजे शिंदे कृषी विद्यापीठ या दोन संस्था बीहडापासून काही तासांच्या अंतरावर आहेत. या सर्वांचा अनुभव एकत्र आणून मुरैन्यात, देवरीच्या धर्तीवर, गुग्गुळाचे एक स्थायी संवर्धन केंद्र स्थापन व्हावे.

तिसरी विनंती माणसांविषयी आहे. वनहक्क अधिनियम २००६ याने वननिवासी समाजांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. त्याच्या भावनेस अनुसरून गुग्गुळाच्या परिसरातील भूमिहीन कुटुंबांना ठराविक झुडपांची राखण आणि त्यांच्या निर्यासाचा हक्क दीर्घ मुदतीच्या सनदेने द्यावा. त्यांना उथळ चिरेची रीत, विश्रांतीच्या वर्षाचा नियम आणि रसायनांचा निषेध शिकवावा. आणि लघु वनोपज संघाने त्यांचा माल गावातच, प्रतवारी करून, रास्त आणि आगाऊ जाहीर केलेल्या दराने घ्यावा. ज्याच्या नावावर झाड आहे तो ते मरू देणार नाही. सरसकट मनाई केली आणि मागणी तशीच राहिली, तर माल रात्रीच्या वाटेने जाईल आणि घाव अधिक खोल होतील.

चौथी विनंती औषधे बनविणाऱ्या कारखान्यांविषयी आहे. त्यांनी वापरलेला गुग्गुळ लागवडीतील आहे, आयात केलेला आहे की वन्य आहे, याचा दाखला त्यांच्याकडून दरवर्षी घेतला जावा, आणि ज्या वनस्पतीवर त्यांचा व्यवसाय उभा आहे तिच्या लागवडीसाठी त्यांच्या उत्पन्नातील ठराविक अंश संवर्धन केंद्राकडे वळवावा. देशाची बरीचशी गरज सिंध-बलुचिस्तानातून येणाऱ्या मालावर भागत असे, आणि त्या वाटेवर राजकारणाची छाया नित्य पडलेली असे. आपल्या भूमीत स्वाभाविकपणे उगवणाऱ्या वस्तूसाठी दुसऱ्याच्या वाळवंटाकडे पाहावे लागणे हे स्वावलंबनाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. शिवाय तेथील झुडपेही मरतच आहेत. सरहद्दीपलीकडचा ऱ्हास हा आपल्या संवर्धनाचा पर्याय होऊ शकत नाही.

महाराष्ट्रातील आणि ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, बडोदे येथील मराठी वाचकांनाही एक शब्द सांगणे मला कर्तव्य वाटते. शासनाने सर्व केले तरी मागणीचे तोंड आपल्या घरात आहे. वैद्याच्या सल्ल्यावाचून, केवळ जाहिरात वाचून, कृश होण्याच्या आशेने गुग्गुळाच्या गोळ्या घेणे थांबवावे. ज्याला त्या खरोखर आवश्यक आहेत त्याच्यासाठी त्या राखाव्यात. नित्याच्या धुपासाठी राळ, ऊद आणि गोवऱ्यांवरील साधा धूप पुरेसा आहे. गुग्गुळ मोठ्या पूजेपुरता असावा. दुकानात खरेदी करताना हा माल कोठला, असा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. एका ग्राहकाच्या प्रश्नाला पंसारी उत्तर देणार नाही. शंभरांनी विचारले तर तो आपल्या आडत्याला विचारील, आणि आडत्याला कारखान्याकडे विचारणा करावी लागेल.

महोदय, शिंदेशाहीच्या दफ्तरांत जमिनीचा एकेक बिघा, विहिरीची एकेक मोट आणि आंब्याचे एकेक झाड लिहून ठेवण्याची शिस्त होती, कारण ज्याची नोंद त्याची राखण, हे त्या कारभाराला ठाऊक होते. तीच शिस्त लोकशाहीच्या कारभाराने अधिक व्यापक करावी, आणि ज्या वस्तूवर सारा बसत नाही पण जिच्यावाचून पुढील पिढी दरिद्री होईल, तिलाही दफ्तरात जागा द्यावी. आपल्या अधिकारात या वर्षअखेरपर्यंत निदान संयुक्त पाहणीचा आदेश निघाला, आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत चारही जिल्ह्यांतील खोल बीहडांचे सपाटीकरण स्थगित झाले, तर उरलेल्या गोष्टींना वेळ मिळेल. तो आदेश न निघाला तर पुढील पाहणीस मोजण्यासारखे फारसे उरणार नाही. आपले उत्तर मला व्यक्तिशः यावे अशी अपेक्षा नाही. ते विधानसभेच्या सभागृहात, सार्वजनिकरीत्या आणि मुदतीसह दिले जावे, अशी विनंती करून हे निवेदन पुरे करतो.

आपला विनम्र,
एक ग्वाल्हेरकर नागरिक
पाटणकर बाजार, लष्कर, ग्वाल्हेर